वही, दुकान आणि पाण्याचा माठ

१९१९ साली तीन ठिकाणी तीन गोष्टी चालू होत्या आणि त्यांतल्या कोणालाही एकमेकांची खबर नव्हती. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे टेलिफोन उद्योगातील थिओडोर व्हेल, कागद कारखानदार होरेस मोझेस आणि राजकारणी मरे क्रेन यांनी शाळकरी मुलामुलींना उद्योगधंद्याचे धडे देणारी संस्था उभी केली. पुढे ती ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ या नावाने देशभर पसरली. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या काले गावी ४ ऑक्टोबर रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आणि मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात वयाची तिशीही न गाठलेले एक प्राध्यापक राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते. ते होते भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब वाणिज्याच्या विद्यार्थ्यांचे शिक्षक होते, ही गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. कायदेपंडित, घटनाकार, धम्मचक्र प्रवर्तक ही रूपे भिंतीवर आणि मनात ठळक आहेत. वाणिज्य महाविद्यालयातला तरुण प्राध्यापक मात्र चरित्राच्या दोन पानांत उरकला जातो. तो आठवण्याचे निमित्त आमच्या मुलांनी आम्हांला दिले. जर्सी सिटीत राहणाऱ्या आमच्या कुटुंबांतली बरीच मुले आता हायस्कूलमध्ये आहेत. न्यू जर्सी राज्यात हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी अर्थ, व्यवसाय आणि उद्योजकता यांच्या साक्षरतेचे अडीच क्रेडिट सक्तीचे आहेत. काही मुले त्यापुढे जाऊन व्यवसाय हा विषय ऐच्छिक म्हणून घेतात. त्यात पुस्तक थोडे आणि करणे फार. चार-पाच जणांनी मिळून एक लहानशी कंपनी काढायची, कोण काय करणार ते ठरवायचे, वस्तू बनवायची, किंमत लावायची, विकायची, हिशेब मांडायचा आणि शेवटी कंपनी गुंडाळून नफातोटा वाटून घ्यायचा. आम्ही पालक बहुतेक सगळे संगणकाच्या व्यवसायातले, पगारदार. आमच्या नजरेत हा विषय हलका. गणित आणि कोडिंग सोडून मुलगी लिंबू सरबताचा भाव काय ठरवते आहे, असे आमच्यातल्या अनेकांना वाटते.

पण याच विषयात एके दिवशी एक गृहपाठ आला. तुमच्या कुटुंबातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या व्यावसायिकाची मुलाखत घ्या. आमच्यातल्या एका घरात रात्री अकरापर्यंत आठवणे चालले. आजोबा तार खात्यात, मोठे काका जिल्हा परिषदेत, मामा रेल्वेत, आत्या परिचारिका, मावशी बँकेत, आईवडील दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. तीन पिढ्या शिकलेल्या, कष्टाळू, इमानी, आणि त्यांत एकही दुकान नाही. दुसऱ्या घरी फोन केला, तिथेही तेच. शेवटी ज्या ओळखीच्या माणसाकडून आम्ही दर आठवड्याला भाजी घेतो त्याची मुलाखत झाली आणि गृहपाठ पुरा झाला. प्रश्न मात्र पुरा झाला नाही. हा लेख त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

करून शिकणे ही अमेरिकेची नवलाई आहे असे आपण सहज धरून चालतो. वस्तुतः भारतात शिक्षणाची तीच सर्वांत जुनी पद्धत होती. पेढीवर बापाशेजारी बसलेला दहा वर्षांचा मुलगा रोजमेळ लिहायला शिके, मग खतावणी, मग हुंडी. गिऱ्हाइकाशी बोलावे कसे, उधारी कोणाला द्यावी, कोणाला हसून नाही म्हणावे, हे तो कुठल्याही पुस्तकाविना शिके. सुताराचा मुलगा वाकस धरायला शिके, सोनाराचा मुलगा काटा. प्रत्येक जात ही एक कार्यशाळाच होती, फक्त तिचा प्रवेश जन्माने ठरलेला. आणि आपल्या पूर्वजांना जी कार्यशाळा मिळाली तिचे नाव महारकी. रात्रंदिवस गावकी, निरोप पोचवणे, सरकारी सारा घेऊन तालुक्याला जाणे, मेलेली जनावरे ओढणे. मोबदल्यात बलुते आणि तुटपुंजी वतनी जमीन. कामाचे तास कोणी मोजले नाहीत, दर कोणी ठरवला नाही, नोंद कुठल्या वहीत झाली नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, त्याच्या मुळाशी हीच वेदना होती. हात आपले होते, वही दुसऱ्याची होती.

म्हणूनच ‘हातांनी शिका’ असे कोणी सांगितले की आपल्या लोकांच्या कपाळावर आठी पडते. ती आठी अनाठायी नाही. १९३७ साली वर्ध्याला जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली गेली, तीत मुलांनी एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळे शिक्षण घ्यावे आणि त्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगारही निघावा अशी कल्पना होती. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या पोथी होती त्यांना टकळी नवी वाटली असेल. ज्यांना पोथीजवळ कधी येऊच दिले नाही, त्यांना पुन्हा हातकामच देणाऱ्या शाळेचे आकर्षण काय वाटावे?

हा पेच अमेरिकेतही होता, आणि बाबासाहेब तो ऐन भरात असताना इथे आले. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते. जर्सी सिटीतून आज आपण जर्नल स्क्वेअरला पाथ गाडी पकडतो, तेहतिसाव्या रस्त्यावर उतरतो, जवळच एक नंबरची गाडी धरतो आणि एकशे सोळाव्या रस्त्यावर विद्यापीठाच्या दाराशी पोचतो. नदीखालचे हे बोगदे १९०८-०९ मध्येच सुरू झाले होते, म्हणजे बाबासाहेब या शहराच्या पलीकडच्या तीरावर शिकत असताना आपली ही गाडी धावत होती. तिथे त्यांना शिकवणारे जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोत प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली होती. तिथली मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करत आणि त्यातूनच अंकगणित, विज्ञान, इतिहास शिकत. पण ड्यूईंचा खरा कस १९१५ च्या एका वादात लागला. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन यांचे म्हणणे होते की कामगारांच्या मुलांना वेगळ्या व्यवसाय शाळा द्याव्यात आणि त्यांना नेमून दिलेल्या कामात तरबेज करावे. ड्यूईंनी त्याला ठाम नकार दिला. आहे त्या कारखानदारी व्यवस्थेत मुलाला चपखल बसवणारे शिक्षण त्यांना नको होते. ती व्यवस्था समजून घेऊन बदलू शकेल असा माणूस त्यांना हवा होता. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला आणि त्याचा स्वतंत्र प्रवाह पक्का झाला. प्रत्यक्षात स्नेडन जिंकले, असे आमचे मत आहे.

कृष्णवर्णीयांमध्ये हाच वाद आधीपासून पेटलेला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीत हातकाम आणि धंदेशिक्षणावर भर दिला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ साली त्यावर कठोर टीका केली, कारण मत आणि उच्च शिक्षण सोडून केवळ हातकाम पत्करणे म्हणजे गुलामीला नवे नाव देणे असे त्यांना वाटे. एवढे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की धंद्याच्या प्रश्नावर दोघेही एकाच दिशेला पाहत होते. ड्युबॉइस यांनी १८९९ मध्येच कृष्णवर्णीयांच्या व्यापारउदिमाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि वॉशिंग्टन यांनी १९०० साली बोस्टन येथे कृष्णवर्णीय व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. हातकाम वेगळे आणि धंदा वेगळा हा भेद दोघांनाही कळत होता. आमच्या शहरात वॉशिंग्टन यांच्या नावाची सार्वजनिक घरांची वसाहत आहे. ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही.

आता पुन्हा मुंबईकडे. बाबासाहेब १९१७ मध्ये लंडनहून परतले, बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडावी लागली, आणि पोटासाठी त्यांनी शिकवण्या धरल्या. त्याबरोबर त्यांनी एक गोष्ट केली जी आजच्या व्यवसायाच्या वर्गात शिकवायला हवी. शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी कंपनी काढली. कोलंबियातून अर्थशास्त्राची पदवी, ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थकारभारावर प्रबंध, लंडनमध्ये अभ्यास, एवढी गुणवत्ता त्या काळी मुंबईच्या बाजारात सल्ला देणाऱ्या किती जणांकडे असेल? सुरुवातीला गिऱ्हाइके आलीही. मग सल्लागार अस्पृश्य आहे हे त्यांना कळले आणि येणे थांबले. कंपनी बंद झाली.

व्यवसायाचे पुस्तक धंदा बुडण्याची कारणे देते ती अशी: भांडवल अपुरे, जागा चुकीची, किंमत जास्त, स्पर्धा तीव्र. या यादीत बाबासाहेबांच्या कंपनीचे कारण सापडत नाही. माल उत्तम, भाव रास्त, मागणी हजर, आणि तरीही गिऱ्हाईक दाराशी येऊन परत फिरते. पुढे १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा ‘केसरी’ने छापली नाही. तोही बाजारच होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅममध्ये रुजू झाले. १९१३ साली स्थापन झालेले हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. पहिल्या दिवसांत विद्यार्थ्यांनी या प्राध्यापकाला गंभीरपणे घेतले नाही. नंतर मात्र त्यांची व्याख्याने ऐकायला इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही येऊ लागले. वर्गातल्या बुद्धीने विद्यार्थी जिंकले. शिक्षकांच्या खोलीत मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. ज्या इमारतीत देवघेव, बँका, चलन आणि मुक्त व्यापार यांचे सिद्धान्त शिकवले जात होते त्याच इमारतीत पाण्याची देवघेव मुक्त नव्हती. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडन गाठले. परतल्यावर १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवत होते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्याच्या त्या वर्षी बाबासाहेब हिशेबनीस होऊ घातलेल्या तरुणांना करार, भागीदारी आणि हुंडीचा कायदा समजावत होते. आम्हांला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

पुस्तकी ज्ञान बाजाराचे दार उघडत नाही हे बाबासाहेबांच्या अनुभवाने दाखवले. मग ते उघडते कशाने? याचे एक उत्तर त्याच सुमारास कोल्हापुरात मिळत होते. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी नोकर. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी गुन्हेगारांना शासन केले आणि गंगारामांना दुसरी चाकरी न देता स्वतःचा धंदा काढायला सांगितले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले, नाव ‘सत्यसुधारक’. चहा चांगला, जागा मोक्याची, आणि दुकान ओस. महाराजांना हे कळताच त्यांची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. महाराज चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांना व मानकऱ्यांना पाजत. राजाने घेतलेला कप नाकारणार कोण? सोडावॉटरचे यंत्रही त्यांनी गंगारामांना दिले.

या प्रसंगाकडे आपण समतेची गोष्ट म्हणून पाहतो, आणि ती आहेच. पण ती व्यवसायाचीही गोष्ट आहे. महाराजांनी गंगारामांना भांडवल दिले, यंत्र दिले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिले गिऱ्हाईक दिले. एखाद्या समाजाला धंद्यात आणायचे तर त्याच्याकडून विकत घेणारा माणूस आधी उभा करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. मुंबईतल्या सल्लागार कंपनीला असा कोणी गिऱ्हाईक लाभला नाही, आणि या शहरातल्या किनाऱ्यावर ज्याला लोक ‘वॉल स्ट्रीट वेस्ट’ म्हणतात त्या काचेच्या मनोऱ्यांखालून जाताना आम्हांला ती कंपनी हटकून आठवते.

या विचाराची मुळे आणखी मागे जातात. महात्मा जोतीराव फुले स्वतः व्यावसायिक होते. ‘पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’त त्यांचा वाटा होता आणि मुळा-मुठेवरच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी साहित्य पुरवले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध, हिशेब आणि शेतीचे मूलज्ञान शिकवावे अशी मागणी आहे. शिक्षक कष्टकरी वर्गांतून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची लाज न वाटणारे असावेत, असेही त्यात आहे. हिशेब आणि नांगर एकाच शाळेत, ही जोडी महत्त्वाची. ज्याने कंत्राटे घेतली, मजुरांची हजेरी पाहिली आणि सरकारी बिले वसूल केली, त्याच माणसाला हे सुचू शकते.

भाऊराव पाटलांचेही तसेच. रयत स्थापन करणारा हा माणूस आधी फिरता विक्रेता होता. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत, एका पंक्तीला जेवत. लाकडे आणणे, दळणे, झाडणे, शेतात राबणे ही कामे सगळ्यांची. मराठ्याच्या मुलाने झाडू धरला आणि महाराच्या मुलाने भाकरी वाढली, हेच त्या शाळेचे पहिले पुस्तक. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे सोने मोडले, आणि घरोघरच्या बायका दळणातली मूठभर धान्याची वाटणी बाजूला काढू लागल्या. पुढे साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि छत्रपती शिवाजी महाविद्यालय ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिले. वर्ध्याची योजना आणि सातारचे वसतिगृह या दोन्हींत हात आहेत, पण फरक दिसतो. साताऱ्यात हातकाम जातीच्या रेषा पुसण्यासाठी होते आणि पुढचा दरवाजा महाविद्यालयाचा होता.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये होती, तशाच औद्योगिक व शेतकी शाळाही होत्या. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झाले आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. पंधरा-सोळा वर्षांची मुले अंक काढतात म्हणजे मजकूर जमवतात, कागद मिळवतात, वेळ पाळतात. त्याला कोणी व्यवसाय शिक्षण म्हटले नाही. १९४२ मध्ये गव्हर्नर जनरलला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत उमेदवारी मागितली, आणि सरकारी बांधकामांच्या कंत्राटांत अस्पृश्यांना स्थान नाही ही तक्रारही मांडली. शिक्षण, कौशल्य आणि कंत्राट या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर. पहिली आपण मनापासून घेतली. तिसरी विसरलो.

विसरलो याला कारणेही आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते सकाळच्या वेळात, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून. तिथे विद्यार्थ्यांची संसद होती. कायदा कसा होतो हे मुले कायदा करूनच शिकत, आणि बाबासाहेब स्वतः त्या संसदेत बोलले. १९५३ मध्ये सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय उभे राहिले. त्यातून शिकलेल्या पिढ्यांना राखीव जागांनी सरकारी नोकऱ्यांत सुरक्षित स्थान दिले, आणि जिथे गिऱ्हाईक जात विचारून परत फिरते तिथे महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार हे स्वातंत्र्यच होते. आजोबांनी तार खाते निवडले ते घाबरून नव्हे. पण वाणिज्य शाखेचा अभ्यासक्रम तोवर पुरता पाठांतराचा झाला. आमच्यातले जे त्या शाखेतून आले त्यांना ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ या पुस्तकातली आंरी फेयॉल यांची १४ तत्त्वे अजून तोंडपाठ येतात. गल्ल्यावर मात्र त्यांच्यापैकी कोणी कधी बसले नाही.

२००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन केली. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणाने सरकारी खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांसाठी ठरवून दिला. शाहू महाराजांच्या चहाच्या कपाचे ते सरकारी रूप म्हणता येईल. काही मित्र याला भांडवलशाहीची भलामण म्हणतात आणि १९३८ चे मनमाड आठवून देतात, जिथे बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकत नाही. दुकान काढायला शिकवायचे तर त्या दुकानात काम करणाऱ्याची मजुरीही शिकवलीच पाहिजे.

आमच्या रविवारच्या वर्गात म्हणूनच दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली नाशिकच्या लेण्यांतली. तिथल्या दहाव्या लेण्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली, २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. मुलांनी हिशेब मांडला: पहिल्या ठेवीचे वर्षाला २४० होतात. लेखात लिहिले आहे की २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावीत. २० गुणिले १२, बरोबर २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा ताळेबंद जुळला तेव्हा वर्गात ओरडा झाला. विणकरांकडे पैसा ठेवी म्हणून येत होता, म्हणजे कष्टकऱ्यांच्या संघटनेची बाजारात पत होती, हे त्यांना कोणी वेगळे सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट २०२५ च्या जयंतीची. हायस्कूलच्या मुलांनी कार्यक्रमात वडापावाचा गाळा लावला. १५० वडापाव, प्रत्येकी ३ डॉलर, विक्री ४५० डॉलर. पाव, बटाटे, बेसन, तेल, चटणी मिळून खर्च १३८. नफा ३१२. मुले खूश. मग अकरावीतल्या एका मुलीने विचारले, वडे कोणी तळले? तीन आया आणि एक बाबा, प्रत्येकी ६ तास. २४ तास, राज्याचे किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर, एकूण ३७१.७६. म्हणजे गाळा ५९.७६ डॉलरने तोट्यात. आयांनी हसून हात झटकले, “जयंतीच्या कामाचे पैसे कसले मागायचे?” मुले ऐकेनात. एकाचे म्हणणे, मग किंमत साडेतीन डॉलर करू. दुसऱ्याचे, पैसे न घेणे हे दान आहे, पण दान तरी लिहा, न लिहिलेले दान म्हणजे गावकीच. तासभर वाद चालला. शेवटी वहीत खर्चाच्या बाजूला ३७१.७६ मजुरी आणि जमेच्या बाजूला तेवढीच रक्कम ‘श्रमदान’ म्हणून चौघांच्या नावांसह लिहिली गेली. स्वतःचे गाळ्यावरचे तास लिहायचे राहिले आहेत हे त्यांच्या नंतर लक्षात आले, तेव्हा तेही लिहिले.

३१२ डॉलरपैकी ३०० डॉलर मुलांनी पुढच्या वर्षीच्या गाळ्यासाठी मुद्दल म्हणून बाजूला ठेवले. उरलेल्या १२ डॉलरांतून एक जाड, लाल पुठ्ठ्याची वही घेतली. तिच्या पहिल्या पानावर आता चार नावे आहेत आणि प्रत्येकासमोर तास.